जुन्या रुपयांची प्रतवारी : एक चिकित्सा

‘रूप्य’ या शब्दाची सिद्धि सांगतांना पाणिनीनें दोन अर्थ दिले आहेत. ज्यावर ठसा हाणला आहे तें रूप्य, आणि ज्याचें रूप प्रशंसनीय आहे तेंही रूप्य. आघात व प्रशंसा हे दोन अर्थ त्यानें एका सूत्रांत सांगितले, परंतु एक मानले नाहींत. हल्लींच्या नाणेसंग्राहकांत आणि विक्रेत्यांच्या याद्यांत मात्र हा विवेक सुटत चालला आहे. नाण्याची प्रशंसा हातोहात होते. आघाताची परीक्षा करण्यास कोणी थांबत नाहीं. त्याचा परिणाम बीड जिल्ह्यासारख्या भागांतील जुन्या चांदीवर काय होतो, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

आज सर्वत्र जी आंकड्यांची प्रतवारी चालते, तिचें मूळ विल्यम शेल्डन यांनीं इ. स. १९४९ त प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत आहे. त्यांचा विषय अमेरिकेचे इ. स. १७९३ ते १८१४ पर्यंतचे मोठे तांब्याचे सेंट, एवढाच होता. त्यांनीं १ पासून ७० पर्यंत श्रेणी लाविली. आणि नाण्याच्या मूळ किंमतीस त्या आंकड्यानें गुणिलें म्हणजे बाजारभाव निघावा, असा तिचा हिशेब होता. एका देशाच्या, एका धातूच्या, एकाच नाण्यापुरतें हें गणित रचलेलें होतें. पुढें त्यांतील गुणाकार मागें पडला, आंकडे तेवढे राहिले, आणि ते जगांतील सर्व नाण्यांस लागूं लागले. पद्धति परकी म्हणून त्याज्य, असें आमचें म्हणणें नाहीं. जी वस्तु मोजण्यासाठीं माप केलें, ती सोडून दुसरीच वस्तु त्यानें मोजली जात आहे, एवढाच आक्षेप आहे.

पहिला दोष आघात व झीज यांच्या गोंधळाचा. बीड प्रांत निजामाच्या राज्यांत असल्यामुळें येथील घरांतून जी जुनी चांदी निघते तींत हाली शिक्क्याचा भरणा विशेष असतो. त्यांतील जुने रुपये हातोड्याचे आहेत. ठसा चकतीहून मोठा असल्यामुळें लेखाचा कांहीं भाग चकतीबाहेर पडे. कधीं सन पडे, कधीं टांकसाळीचें नांव. असा रुपया पेटींतून कधीं बाहेर आला नसेल, कडा तीक्ष्ण असतील, तर यादींत त्यास वरचा दर्जा मिळतो. उलट, दोन पिढ्या बाजारांत फिरलेला, पण हिजरी सन, जुलूस वर्ष व टांकसाळ हीं तिन्ही वाचतां येतात असा रुपया ‘साधारण’ ठरतो. हस्तलिखितें गोळा करणाऱ्या वाचकांस हा न्याय किती उफराटा आहे तें सांगावयास नको. स्वच्छ पानांची पण पुष्पिका गेलेली पोथी, आणि बोटांनीं मळलेली पण लेखक, स्थळ व शक सांगणारी पोथी, यांत संशोधक कोणती उचलील? सन व टांकसाळ ही नाण्याची पुष्पिकाच होय.

दुसरा दोष झीज केवळ डोळ्यांनीं मापण्याचा. इ. स. १९०३-०४ च्या सुमारास चारमिनारची आकृति असलेले यंत्राचे रुपये निघूं लागले. त्यांचें प्रमाण ठरलेलें आहे : वजन ११.१७८ ग्रॅम, चांदी हजारीं ८१८. म्हणजे शुद्ध चांदी सुमारें ९.१४ ग्रॅम. ब्रिटिश रुपयाचें वजन ११.६६ ग्रॅम व त्यांत बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारें १०.६९ ग्रॅम. या दोहोंचें प्रमाण काढल्यास तें सात हालीस सहा कलदार याच्या अगदीं जवळ येतें. इ. स. १९५० त भारतीय रुपया या भागांत चालू झाला तेव्हां हाच सातास सहा दर धरला होता, इ. स. १९५१ त हाली नाणें काढणें थांबलें व इ. स. १९५९ त तें चलनांतून रद्द झालें. तात्पर्य, बट्ट्याचा दर सराफाच्या लहरीचा नव्हता, त्याच्या मुळाशीं तराजू होता. मग प्रतवारी करणारानें तराजू कां टाकावा? चारमिनारचा रुपया ११.०६ ग्रॅम भरला तर सुमारें एक टक्का झिजला, हें विधान कोणासही पडताळून पाहतां येतें. ‘बरा’, ‘उत्तम’, ‘अत्युत्तम’ या शब्दांस असा पडताळा नाहीं.

तिसरा दोष सर्व व्रणांस एकच समजण्याचा. पेशवाईच्या कागदांत रुपया नुसता ‘रुपया’ क्वचितच असतो; तो अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, हाली असा नांवानिशीं येतो, आणि नांवाप्रमाणें बट्टा बदलतो. नाणें हातीं आलें कीं सराफ त्याचा कस पाही व त्यावर आपली बारीक खूण उमटवी. ती खूण त्या नाण्याच्या प्रवासाचा दाखला आहे. दस्तऐवजावरील शेऱ्यासारखी ती वाचली पाहिजे. लमाण स्त्रियांच्या दागिन्यांत ओवलेल्या रुपयांस डाखलेली कडी हीही इतिहासाचीच खूण, जरी तिच्यामुळें कांहीं अक्षरें झांकलीं जातात. परंतु विक्रीसाठीं चिंच व राख घालून घासलेला रुपया यांच्या पंगतीस बसवितां येत नाहीं. त्याचा काळसर थर गेला, त्याबरोबर अक्षरांच्या कडाही गेल्या, आणि बदल्यांत मिळाली ती खोटी चकाकी. यादींत मात्र सराफाची खूण असलेला रुपया खालीं व घासलेला वर, असें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे.

आतां मोलाविषयीं. झीज हें मोलाचें एक अंग आहे, सर्वस्व नव्हे. इ. स. १९३९ चा ब्रिटिश रुपया झिजलेला असला तरी दुर्मिळ आहे. त्याच्या आदल्या वर्षाचा मुंबईचा रुपया कोरा असला तरी सुलभ आहे. चारमिनारच्या रुपयांत दरवाज्यांतील अक्षर पाहावें : ‘मीम’ असेल तर महबूब अलीखानांचा, ‘ऐन’ असेल तर उस्मान अलीखानांचा. उस्मान अलीखानांच्या आरंभींच्या कांहीं रुपयांवर हा ऐन अर्धवट आहे, पुढें तो पूर्ण झाला. हा भेद ज्यास ठाऊक नाहीं त्यानें केवळ झीज पाहून लाविलेली किंमत निरर्थक होय.

हा वाद केवळ संग्राहकांच्या हौशीचा असता तर इतका विस्तार केला नसता. इ. स. २०२५ त चांदीचा भाव किलोस एक लाख रुपयांच्या वर गेला. त्या हिशेबानें एका चारमिनारी रुपयांतील चांदीच नऊशें रुपयांहून अधिक झाली. ज्या नाण्यास यादींत ‘निकृष्ट’ हा शब्द लागला त्यास संग्राहक चांदीहून अधिक कांहीं देत नाहीं. आणि मालकास दोन्हीकडे तेवढेंच मिळणार असेल तर तो सराफाकडे जातो व नाणें मुशींत पडतें. अशा रीतीनें प्रतवारीचा एक शब्द नाण्याच्या जीविताचा निर्णय करितो. जीं मुशींत जातात तीं बहुधा अधिक फिरलेलीं, म्हणजे या प्रांताच्या व्यवहाराची अधिक साक्ष देणारींच असतात.

म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येक रुपयाची नोंद चार निराळ्या रकान्यांत व्हावी : ठशाचा किती भाग चकतीवर आला, वजन किती व त्यावरून झीज किती, व्रण कोणते व ते कोणत्या हेतूनें झालेले, आणि सन, टांकसाळ व प्राप्तिस्थान. या चारांचा एकच आंकडा करूं नये. प्राप्तिस्थान तर अवश्य लिहावें. गांवाचें नांव सुटलें कीं नाण्याचा निम्मा इतिहास गेला. जमिनींत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यास कळविणें बंधनकारक आहे. तें टाळण्यासाठीं स्थळ दडविणारा संग्राहक कायद्याचा व विद्येचा असा दुहेरी अपराध करितो.

कौटिल्यानें नाण्यांच्या परीक्षणासाठीं रूपदर्शक नांवाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. चलनांत चालावयाचें नाणें खरें कीं खोटें हें त्यानें पाहावयाचें होतें. चलनांतून गेलेल्या नाण्याची परीक्षा आतां संग्राहकाकडे आली आहे. त्यानें प्रथम आघात पाहावा, मग तराजू घ्यावा, मग व्रण वाचावे. प्रशंसा त्यानंतर करावी.