मॅकमर्फीच्या तोंडातला रबराचा तुकडा

‘वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट’ (१९७५) तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात जागा असलेल्या मॅकमर्फीला टेबलावर झोपवतात, जीभ चावली जाऊ नये म्हणून तोंडात रबराचा तुकडा देतात आणि शॉक देतात. जॅक निकोल्सनचा अभिनय अंगावर येतो. पण ईसीटीची माहिती म्हणून हा सीन पाहिला, तर फसगत होते.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी करता येत नाही. म्हणजे सीनमधलं सगळंच जुनं झालं, असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. रिव्ह्यूच्या पहिल्या मसुद्यात मी बिनधास्त लिहिलं, ‘शिथिलकामुळे दातांचा धोका संपला.’ सरांनी समासात एवढंच लिहिलं: ‘आणि जबडा?’

मग नीट वाचलं. सक्सिनिलकोलीन हे औषध मज्जातंतू आणि स्नायू जिथे जोडले जातात तिथे काम करतं. मेंदूकडून आलेला आदेश स्नायूपर्यंत पोचू देत नाही. पण इलेक्ट्रोड लावतात कानशिलावर, आणि त्याखालीच जबडा आवळणारा स्नायू असतो. विजेचा प्रवाह त्याला थेट आकुंचित करतो, मेंदूच्या आदेशाची गरजच नसते. त्यामुळे औषध देऊनही दात कचकन आवळले जातात.

म्हणून तो ‘तुकडा’, म्हणजे बाइट ब्लॉक, आजही लागतो. तो भार दाढांवर घेतो आणि पुढचे नाजूक दात वाचवतो. आधी तोंड तपासावं लागतं: हलणारा दात निखळून श्वासनलिकेत जाऊ शकतो. काही मानसोपचाराच्या औषधांनी तोंड कोरडं पडतं, दात किडतात. म्हणजे ईसीटीला येणाऱ्या अनेकांचे दात आधीच कमकुवत असतात.

सिनेमावर माझा आक्षेप इथे आहे. रुग्णाला जपणारी ती एकमेव वस्तू, पण कॅमेरा तिच्याकडे छळाचं साधन म्हणून बघतो. पाहणारा घाबरतो आणि दातांबद्दल विचारायचं राहून जातं.

माझी चूकही त्याच जातीची होती. ‘धोका संपला’ लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारा: औषध कोणत्या वाटेवर काम करतं? आणि इजा कोणत्या वाटेने येते? वाटा वेगळ्या असतील, तर वाक्य खोडा. मी खोडलं.