क्लास ‘चांगला चालतो’ म्हणजे काय?

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचा तालुक्याच्या गावी शिकवणीचा क्लास आहे. ‘‘क्लास कसा चाललाय?’’ असे विचारले, तर ते उत्साहाने सांगतात, ‘‘उत्तम! यंदा तिसरी बॅच काढावी लागली.’’ दुकान चालते, खानावळ चालते, तसाच क्लास चालतो. त्यात मुले किती शिकली, हा प्रश्न आपोआप बाजूला पडतो. तो कुणी मुद्दाम लपवतो असे नाही. त्याचे उत्तर कसे मोजायचे, हे फारसे कुणी ठरवलेलेच नसते, एवढेच.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी आम्हाला अकरावीच्या मुलांशी विज्ञानावर गप्पा मारायला बोलावले. आम्ही अर्धा तास आधी पोहोचलो आणि शेवटच्या बाकावर बसून त्यांचा तास ऐकला. तास चांगला होता, हे प्रथम सांगितले पाहिजे. सर ठरल्या वेळेला आले. फळ्यावरचे अक्षर मोत्यासारखे. सरळ वर फेकलेल्या चेंडूची समीकरणे त्यांनी पायरीपायरीने मांडली आणि परीक्षेत येणाऱ्या उदाहरणांचे प्रकार पाडून दाखवले. मुले खाली मान घालून भराभर उतरवून घेत होती. दर उदाहरणानंतर सर ‘‘समजलं का?’’ विचारीत आणि मुले एका सुरात ‘‘होऽ’’ म्हणत. प्रश्न आणि ‘हो’ यांच्यामध्ये श्वास घेण्याइतकाही अवकाश नव्हता.

नंतर आमची पाळी आली. आम्ही एक उदाहरण घातले : चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला, तर तो किती उंच जाईल? गुरुत्वत्वरण १० धरून ‘२० मीटर’ हे उत्तर काही सेकंदांत आले. मग विचारले, हातातून सुटलेला चेंडू वर जात असताना त्याच्यावर कोणकोणती बले असतात? हवेचा विरोध सोडून द्या. बहुतेकांनी वहीत वरच्या दिशेने एक मोठा बाण काढला आणि खालच्या दिशेने एक लहान. सर्वांत उंच ठिकाणी दोन्ही बाण सारखे, म्हणजे एकूण बल शून्य. खाली दाखवणारा एकच बाण काढणारी मुले बोटांवर मोजण्याइतकी होती.

आम्ही म्हटले, ‘‘वर वेगही शून्य आणि बलही शून्य असेल, तर चेंडू तिथेच का लटकत नाही?’’ वर्ग शांत झाला. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी जरा वेळाने म्हणाली, ‘‘सर, पण परीक्षेत यातलं कोणतं लिहायचं?’’

या प्रश्नाला हसू नये. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बलसंकल्पनांची साधी चाचणी दिली, तेव्हा तिथेही एका विद्यार्थिनीने जवळजवळ हेच विचारले होते : उत्तरे तुम्ही शिकवले तशी लिहू, की मी एरवी विचार करते तशी? माझूर यांच्या तासांना तोवर विद्यार्थ्यांची पसंती होती आणि मुले अवघड गणितेही सोडवीत. डोक्यात मात्र दोन निराळे कप्पे तयार झाले होते, एक परीक्षेचा आणि एक जगाचा. आमच्या मित्राच्या क्लासमध्ये आम्हाला तेच दोन कप्पे दिसले. शाळांतही ते असतात, तेव्हा शिक्षकबंधू-भगिनींनी ही टीका केवळ क्लासवाल्यांवर आहे असे समजू नये.

चहा पिताना आम्ही हे मित्राला सांगितले. ते शांतपणे म्हणाले, ‘‘तुमचं खरं आहे. पण एका चेंडूवर मी अर्धा तास घालवला, तर पोरं म्हणतील, या क्लासला पोर्शन होत नाही. पुढच्या महिन्यात ती समोरच्या क्लासला. तुमचा पगार थांबत नाही, माझं भाडं थांबत नाही.’’

त्या वेळी आम्हाला उत्तर सुचले नाही. घरी येऊन विचार केला, तेव्हा त्यांच्या भीतीला आधार आहे असेच दिसले. २०१९ साली हार्वर्डमध्येच लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे दोन गट पाडले. विषय तोच आणि टिपणेही तीच. एका गटाला कसलेल्या प्राध्यापकाने ओघवते व्याख्यान दिले. दुसऱ्या गटाने आधी स्वतः प्रश्नांशी झगडावे आणि मग उलगडा ऐकावा, अशी रचना होती. चाचणीत दुसऱ्या गटाला जास्त गुण मिळाले. पण ‘तुम्ही किती शिकलात?’ या प्रश्नावर आपण जास्त शिकलो असे वाटणारा गट होता व्याख्यान ऐकणारा! ओघवते बोलणे ऐकताना आपल्याला समजल्यासारखे वाटते. झगडताना आपले अज्ञान टोचते.

फीवर चालणाऱ्या वर्गाचा खरा पेच इथे आहे. गिऱ्हाईक समाधानावर टिकते, आणि समाधान व शिकणे यांची दिशा दर वेळी एकच नसते. म्हणून मुलांचे अभिप्राय हा गुणवत्तेचा पुरावा धरता येत नाही.

दुसरा नेहमीचा पुरावा म्हणजे चौकातल्या फलकावरचे गुणवंतांचे फोटो. क्लासने प्रवेशपरीक्षा घेऊन हुशार मुलेच निवडली असतील, तर शेवटी ती हुशार निघाली यात नवल कसले? शिवाय फलकावर यशस्वी मुले असतात. त्याच बाकांवर बसलेल्या बाकीच्यांचे काय झाले, ते कळत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. यशस्वी विद्यार्थ्याचे नाव व छायाचित्र निकालानंतर घेतलेल्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही आणि त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला होता तेही सांगावे लागते. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानेही सूचना दिल्या : सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नको, शिकवणारा किमान पदवीधर हवा, प्रत्येक मुलामागे किमान एक चौरस मीटर जागा हवी, यशाची हमी देऊ नये. हे सारे आवश्यकच आहे. पण हे सारे नियम पाळूनही चेंडूवरचा वरचा बाण जसाच्या तसा राहू शकतो.

मग मोजायचे काय? एक सोपी रीत आहे. वर्षारंभी संकल्पनांची चाचणी घ्यावी. तशीच, त्याच काठिण्याची चाचणी शेवटी घ्यावी. जितके गुण वाढण्याला वाव होता, त्यातला कितवा हिस्सा वाढला ते पाहावे. समजा, एका क्लासमधील मुलांची सरासरी ८० वरून ८६ वर गेली. वाव २० गुणांचा, वाढ ६ गुणांची, हिस्सा ०.३. दुसऱ्या क्लासची सरासरी ३० वरून ६५ झाली. वाव ७० गुणांचा, वाढ ३५ गुणांची, हिस्सा ०.५. फलकावर पहिला क्लास झळकेल. शिकवले दुसऱ्याने.

रिचर्ड हेक यांनी १९९८ साली याच रीतीने अमेरिकेतल्या ६२ अभ्यासक्रमांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे गुण तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत हा हिस्सा सरासरी ०.२३ निघाला; मुलांना विचार करायला, एकमेकांशी चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत ०.४८, म्हणजे दुपटीहून अधिक.

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. मेरी बड रो यांनी दाखवले होते की, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले, तर उत्तरे लांबतात, जास्त मुले बोलू लागतात आणि ‘माहीत नाही’ कमी होते. तासात दोनदा असा एक प्रश्न घालावा, ज्यावर मुलांचे मतभेद होतील. प्रत्येकाने उत्तर वहीत लिहावे, शेजाऱ्याशी वाद घालावा, मग फळ्यावर यावे. दर आठवड्याच्या चाचणीत गुणांबरोबर चूक कुठे झाली ते कळावे. साप्ताहिक चाचणी आणि वेळेची शिस्त याबाबतीत आपल्या अनेक शाळांनी क्लासकडूनच शिकावे, हेही नोंदवले पाहिजे.

उरला प्रश्न भाड्याचा. हार्वर्डच्या त्याच प्रयोगात एक दिलासा आहे : ‘असे शिकताना जड वाटेल, पण टिकेल’ हे सुरुवातीलाच मुलांना सांगितले, तर त्यांचे मत पुष्कळ सुधारते. क्लासवाल्याने हे पालकांनाही सांगावे आणि पुरावा म्हणून दोन्ही चाचण्यांचे पेपर त्यांच्यासमोर ठेवावेत. पालक फी देतात, तेव्हा त्यांना फलक पाहण्यापेक्षा आपल्या मुलाचे हे दोन पेपर पाहण्याचा हक्क अधिक आहे.

आमच्या मित्राने यंदा जूनमध्ये एका बॅचपुरती पहिली चाचणी घेतली. निकाल पाहून त्यांना रात्री झोप आली नाही, असे त्यांनी दूरध्वनीवर सांगितले. पेपर गठ्ठा बांधून कपाटात ठेवले आहेत; वर्ष संपताना दुसरा गठ्ठा त्याशेजारी येईल. त्या बॅचमधली दोन मुले मध्येच समोरच्या क्लासला गेली. बॅच मात्र त्यांनी बंद केलेली नाही.

आमची वाचकांना एवढीच विनंती आहे. उद्याच्या तासाला वर फेकलेल्या चेंडूचा प्रश्न आपल्या वर्गात विचारून पाहा. विचारल्यावर मनात तीन अंक मोजा, आणि मुलांच्या वह्यांतले बाण स्वतः हिंडून बघा.