‘फोटो छान आला’ : हौशी छायाचित्रांवरील स्नेहयुक्त अभिप्रायाचे व्याकरण

हौशी छायाचित्रकार आपले चित्र मित्रांपुढे ठेवतो तेव्हा बहुधा एकच वाक्य त्याच्या पदरी पडते : ‘फोटो छान आला आहे.’ वाक्य प्रेमाने उच्चारलेले असते. परंतु त्याच्या रचनेत छायाचित्रकाराला स्थानच नाही. मराठीत चित्र ‘काढतात’ तसा फोटोही ‘काढतात’. ‘काढणे’ हे सकर्मक क्रियापद असून त्याला काढणारा लागतो. अभिप्राय देताना मात्र आपण ‘येणे’ या अकर्मक क्रियापदाकडे वळतो. पाऊस येतो, पीक येते, तसा फोटो येतो.

दोषांच्या बाबतीतही हाच प्रकार. ‘फोटो हलला’, ‘डोके कापले गेले’, ‘उजेड कमी पडला’. येथे कर्त्याचा लोप सौजन्यापोटी होतो, आणि ते सौजन्य त्याज्य नव्हे. पण जे आपोआप घडले ते सुधारावयाचे कसे? स्तुतीत कर्तृत्व गेले आणि दोषात उपाय गेला, अशी दुहेरी हानी होते.

हा भाषेचा दोष म्हणता येत नाही. गाण्याच्या बैठकीत तीच भाषा बोलणारा श्रोता ‘काय जागा घेतली!’ असे म्हणतो. त्या उद्गारात नेमकी कृतीही आहे आणि ती करणाराही आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. म्हणजे छायाचित्रण आपल्याकडे काही कालचे नव्हे. तरी त्याच्या आस्वादाची बोली अद्याप ‘छान’च्या पुढे फारशी सरकलेली नाही.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने वाईजवळील मेणवलीच्या घाटाचे एक छायाचित्र काढले होते. पायऱ्यांवर धुणे धुणारी एक स्त्री, पलीकडे कृष्णेचे पात्र. चार सहकाऱ्यांनी ‘छान आला’ म्हटले. पाचव्या, वयाने वडील अशा गृहस्थांनी बराच वेळ चित्र न्याहाळून विचारले, ‘तुम्हांला घाट दाखवायचा होता, की ती बाई?’ मला उत्तर देता आले नाही. मग ते म्हणाले, ‘बाई दाखवायची असेल तर दहाएक पायऱ्या खाली उतरायला हवे होते. उतरला असतात, तर तिच्यामागे दगडांऐवजी पाणी आले असते.’ पुढील खेपेस मी पायऱ्या उतरलो.

त्यांचे दुसरे वाक्य संकेतार्थी आहे. त्यात कर्ता उपस्थित आहे, पण कृती घडलेलीच नसल्याने आरोप नाही. शिवाय कृती आणि परिणाम यांचा संबंध स्पष्ट झाला आहे. तथापि त्याआधी आलेला प्रश्न अधिक महत्त्वाचा. हेतू न विचारता ‘असे केले असते तर’ म्हणणारा मित्र दुसऱ्याच्या चित्रावर आपलेच चित्र लादतो.

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त भावकाचे चार प्रकार सांगितले आहेत : काहीच न रुचणारा अरोचकी, गवतासकट सारे गिळणारा सतृणाभ्यवहारी, गुण दिसूनही न बोलणारा मत्सरी आणि तत्त्वापर्यंत पोचणारा तत्त्वाभिनिवेशी. भावक हा कवीचा मित्रही असतो आणि आचार्यही, असे तो म्हणतो. स्नेहाच्या नावाखाली आपण बहुधा सतृणाभ्यवहारी होतो. आणि त्याचा कंटाळा आला की अरोचकी. मित्र व आचार्य एकाच वेळी होण्याची वाट या दोहोंच्या मधून जाते.

हा विचार छायाचित्रांपुरता नाही. प्रबंधिकेच्या समासात आपण ‘ठीक’ असे लिहितो, तेव्हा विद्यार्थ्याला ना कौतुक मिळते ना मार्ग. त्याने काय केले हे नेमके सांगणे, त्याची कृती त्याच्या नावे मांडणे, हाच अभिप्रायातील खरा स्नेह होय. ‘छान आला’ म्हणण्यास क्षण पुरतो. ‘तू कोठे उभा होतास?’ असे विचारण्यास मात्र चित्र पाहावे लागते.