खाणीची कादंबरी आणि आपले मौन

डिचोली आणि पेडणे हे महाल अनुक्रमे १७८१ व १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली गेले, तरी आपल्या घरांतली पोथी, पत्र आणि हिशेब मराठीतच राहिले. या परंपरेचा अभिमान आपण बाळगतो. म्हणूनच एक अडचणीचा प्रश्न मांडावासा वाटतो. ज्या लोहखनिजाने डिचोलीचे डोंगर, ओहोळ आणि माणसे बदलली, त्यावर आपल्या मराठीत काय लिहिले गेले? आमच्या वाचनात तरी त्या तोलाची कादंबरी आलेली नाही. ती कोकणीत आली: पुंडलीक नायक यांची ‘अच्छेव’, १९७७ ची. भाषावादाच्या काळात आमच्यासारख्या अनेकांनी ती हातीही धरली नाही. नुकसान आमचेच झाले.

पंढरी आणि रुक्मिणी यांचे शेतकरी घर खाणीच्या पैशाने कसे मोडत जाते, हा तिचा विषय. खाणमालकाला राक्षस ठरवून लेखक मोकळा होत नाही, हे आम्हांला तिचे मोठे बळ वाटते. नांगर सुटतो तो मोहाने आणि गरजेने. त्या दोहोंतली सीमा घरच्या माणसांनाही दिसत नाही. अधःपाताची गती मात्र कोठे कोठे फार वेगवान वाटते. खरा ऱ्हास याहून संथ आणि अधिक सभ्य असतो. आधी वायंगण पडीक राहते, मग विहिरीचे पाणी खाली जाते. देवळाचा जीर्णोद्धार मात्र थाटात होतो.

सरकारी सेवेत असताना आम्हीही खाणपट्ट्यांचे कागद पाहिले. १९८७ च्या कायद्याने पोर्तुगीजकालीन सवलतींचे पट्टे झाले, एवढे आम्हांला तोंडपाठ होते. त्या कागदांत हेक्टर होते, कुळागर नव्हते. ‘अच्छेव’ वाचताना ही उणीव प्रथम बोचली, आणि तीही निवृत्तीनंतर.

कादंबरीला पुढचे दिसणे शक्य नव्हते. २०१२ मध्ये उत्खनन थांबले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. शेत आधीच गेलेले, आता ट्रकही दारात उभा आणि त्याचे कर्ज डोक्यावर, असा एक नवा माणूस शिरगाव, मुळगाव, पिळगावच्या वाटांवर दिसू लागला. खाण नको म्हणणारा आणि खाण हवी म्हणणारा एकाच चुलीवर जेवत होते. नाट्य याहून दुसरे कोणते हवे?

आपल्या लेखकांनी मात्र देवराई, जत्रा आणि पूर्वजांचे वाडे यांतच मन रमवले. त्यांना दोष देताना आमचा आवाज थोडा खाली येतो, कारण या भागातल्या जुन्या घरांपैकी काहींच्या जमिनीही या व्यवहारात होत्या, आणि घरच्या गोष्टी चारचौघांत न बोलण्याचे वळण आपल्यालाच अधिक. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झाले आहे. मंडळाच्या पुढील वाचनसत्रासाठी आम्ही ‘अच्छेव’चे नाव सुचवीत आहोत, मूळ कोकणीतूनच वाचावी. ती समजत नाही, अशी सबब आपल्यापैकी कोणी सांगू नये.