व्हखुटेमास
मॉस्को येथील सोव्हिएट कला व वास्तुकला विद्यालय (१९२०–३०). ‘उच्च कला-तांत्रिक कर्मशाळा’ या अर्थाच्या रशियन शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव रूढ झाले. स्ट्रोगॅनॉव्ह हे उपयोजित कलांचे विद्यालय आणि चित्र, शिल्प व वास्तुकला यांचे जुने विद्यालय या दोहोंचे १९१८ मध्ये मुक्त कर्मशाळांत रूपांतर झाले होते. त्यांच्या एकत्रीकरणातून ही संस्था उभी राहिली. तीत मुद्रण, वस्त्रकला, मृत्तिकाशिल्प, लाकूडकाम व धातुकाम हेही विभाग होते.

जर्मनीतील बौहाउसशी तिची तुलना नेहमी केली जाते. ती अपुरी आहे. बौहाउसमध्ये वास्तुकलेचा विभाग १९२७ मध्ये निघाला, येथे तो प्रारंभापासून होता. शिवाय हे एकाच मताचे विद्यालय कधीच नव्हते. अभिजात परंपरेचे अभिमानी झल्टोव्हस्की, अवकाशाच्या मानसिक प्रत्ययावर भर देणारे लदोव्हस्की आणि रचनावादी अलेक्सांडर व्हेस्निन असे परस्परविरोधी विचारांचे वास्तुशिल्पज्ञ येथे शिकवीत. १९२३–२६ या काळातील कुलगुरू फाव्होर्स्की तर मूलतः काष्ठठशांचे चित्रकार होते.

सर्व विभागांना समाईक असलेला पायाभूत अभ्यासक्रम ही या विद्यालयाची खरी देणगी होय. रंग, आलेखन, घनाकार व अवकाश हे त्याचे विषय. अवकाशाच्या अभ्यासात विद्यार्थी प्राचीन स्तंभरचनांची नक्कल करीत बसत नसे. वस्तुमान, भार, लय यांचा प्रत्यय तो माती वा कागद यांच्या प्रतिकृतींतून स्वतः साधीत असे.

उद्योगांसाठी कलावंत घडविण्याचे उद्दिष्ट मात्र अर्धेमुर्धेच साधले. रॉडचेंको यांच्या धातुकाम विभागात घडीच्या व बहुउपयोगी वस्तूंचे कल्पक नमुने तयार झाले. पण यादवी युद्धाने खिळखिळ्या झालेल्या कारखान्यांना ते पेलणारे नव्हते. लिओनिडॉव्ह यांची लेनिन संस्थेची वास्तुकल्पना (१९२७) व क्रुटिकॉव्ह यांचे ‘उडते नगर’ (१९२८) हे पदविका-प्रकल्पही कागदावरच राहिले. तो दोष विद्यार्थ्यांचा म्हणता येत नाही.

१९२७ मध्ये ‘व्हखुटेइन’ असे नामांतर झालेले हे विद्यालय १९३० मध्ये विसर्जित झाले. वास्तुकला, मुद्रण व वस्त्रकला यांच्या वेगळ्या संस्था झाल्या. चित्र व शिल्प हे विभाग लेनिनग्राडला गेले. या वाटणीत समाईक पायाच नाहीसा झाला. अवकाशाच्या अभ्यासक्रमाचे सूत्र तेवढे क्रिन्स्की, लाम्त्सॉव्ह व तुर्कुस यांच्या १९३४ मधील पाठ्यग्रंथात टिकून राहिले.