ओला हात

पु. ल. देशपांडे यांच्या ‘एका कोळियाने’ या अनुवादामुळे (१९६५) हेमिंग्वेचा म्हातारा आम्हां जुहूकरांना घरचाच वाटला. मला मात्र त्याची १९२५ची ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ ही कथा अधिक मोलाची वाटते. युद्धावरून परतलेला निक नदीत एकटाच ट्राउट मासे धरतो. युद्धाचा उच्चारही नाही. ‘यात घडते काय?’ असे कोणी विचारील. लहान मासा सोडण्यापूर्वी निक हात भिजवतो. कोरडा हात लागला, की माशाचे बुळबुळीत आवरण जाते व तिथे बुरशी धरते. पिसांची खोटी माशी लावून गळ टाकणाऱ्यांच्या गर्दीत असे मेलेले मासे त्याने पाहिलेले असतात. आमचा कोळी मासा सोडणार नाही. त्याचे पोट त्यावर आहे. निकचे दुःख मात्र असेच हाताळावे लागते, आणि हेमिंग्वेने त्याला कोरडा हात लावलेला नाही.