कामगार-कादंबरी : धोटा कुणाच्या हाती?

गेल्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासवर्गात अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' ही कादंबरी वाचायला घेतली होती. अभ्यासवर्ग म्हणजे काय, तर वस्तीतल्या विहारामागची एक खोली, दोन बाकडी आणि दहा-बारा मुले-मुली. पुस्तक इंग्रजी. मी दोन-चार पाने वाचायची आणि मराठीत सांगायची, असा रिवाज. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला एका मुलाने विचारले, "सर, ही माणसं आपल्यासारखीच राबतात हे पटलं. पण ह्यात आपण कुठं आहोत?" त्याचे वडील कंत्राटदाराकडे गटारे उपसण्याच्या कामावर आहेत. त्या रात्री मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. शोषण सगळीकडे सारखेच असते, वगैरे. घरी जाताना माझेच मला ते खोटे वाटले.

आपल्या विद्यापीठांतून अशा कादंबऱ्यांची बोळवण एका शब्दात केली जाते : प्रचारकी. कलावाद्यांचे हे जुने हत्यार. दलित साहित्यावरही त्यांनी ते चालवून पाहिले आहे. 'द जंगल'च्या शेवटच्या प्रकरणांपुरता हा आरोप मी मान्य करतो. तेथे नायक युर्गिस रुडकस जवळजवळ नाहीसा होतो आणि एकामागून एक समाजवादी भाषणे सुरू होतात. आमच्या मुलांनीही ती पाने कंटाळून ऐकली. परंतु त्याआधीच्या प्रकरणांत जे आहे त्याला प्रचार म्हणणारा माणूस एकतर कारखान्यात गेलेला नाही, किंवा मालकाच्या बाजूने गेलेला आहे.

सिंक्लेअर १९०४ साली शिकागोच्या कत्तलखान्यांच्या भागात सात आठवडे राहिला. त्याच वर्षी तेथील कामगारांचा संप मोडला होता. १९०५ मध्ये एका समाजवादी साप्ताहिकातून कादंबरी क्रमशः आली आणि १९०६ च्या फेब्रुवारीत पुस्तक निघाले. लिथुआनियातून आलेले एक कुटुंब. सुरुवात लग्नाच्या जेवणावळीने होते, आणि त्या जेवणावळीतच कर्जाची सुरुवात आहे. हे आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही! पुढे घर हप्त्यावर घेतात. हप्त्यात व्याज दडवलेले आहे हे नंतर कळते. युर्गिसचा म्हातारा बाप कामासाठी दारोदार हिंडतो. शेवटी एक जण काम देतो, परंतु पगाराचा तिसरा हिस्सा आपल्याला द्यायचा या अटीवर. खारवणीच्या खात्यात तो म्हातारा रसायनाच्या पाण्यात उभा राहतो. बूट सडतात, मग पाय सडतात, मग म्हातारा मरतो. मुंबईच्या गिरण्यांत जॉबरला दस्तुरी दिल्याशिवाय पाळीवर उभे राहता येत नसे, हे ज्यांनी वाडवडिलांकडून ऐकले आहे त्यांना तो तिसरा हिस्सा ओळखीचा वाटेल.

सिंक्लेअरचे बळ नेमके येथे आहे. तो नुसते दुःख सांगत नाही; दुःख कसे तयार केले जाते त्याची कृती सांगतो. एक मिनिट उशीर झाला तर एका तासाचा पगार कापायचा, आणि संध्याकाळी तास पुरा भरला नाही तर त्या अर्ध्यामुर्ध्या तासाचे काहीच द्यायचे नाही. म्हणजे घड्याळ दोन्ही बाजूंनी मालकाचेच. कत्तलखात्यात काही पटाईत गड्यांना जास्त मजुरी देऊन पुढे ठेवायचे आणि बाकीच्यांना त्यांच्या वेगाने पळवायचे. वेग अंगवळणी पडला की तोच सगळ्यांचा नेहमीचा वेग! तेरा-चौदा वर्षांच्या स्टॅनिस्लोवासला पाद्र्याकडून वय वाढवून घेतलेला दाखला मिळतो आणि तो दिवसभर यंत्राखाली चरबीचे डबे ठेवत उभा राहतो. युर्गिसच्या बायकोवर, ओनावर, मुकादम हात टाकतो. नोकरी तिचीच नव्हे तर साऱ्या घराची जाईल, ही धमकी त्याला पुरेशी असते. यांतील एकही गोष्ट कुणा दुष्ट माणसाच्या लहरीवर अवलंबून नाही. माणसे बदला, मांडणी तशीच राहील.

फ्रान्सच्या एमिल झोलाने 'जर्मिनल'मध्ये (१८८५) हेच कोळशाच्या खाणीविषयी केले. कादंबरीसाठी तो १८८४ साली आँझॅंच्या खाणीत उतरला. तेथे त्या वेळी संप चालू होता. या कादंबरीतील एकच मुद्दा मी सांगतो, कारण तो आमच्या मुलांना सर्वात जास्त लागला. खाणीत छत कोसळू नये म्हणून लाकडाचे टेकू लावावे लागतात. मजुरी मात्र कोळशाच्या डब्यामागे. टेकू लावण्यात गेलेला वेळ म्हणजे पोटातून गेलेली भाकरी. म्हणून मजूर टेकू नीट लावत नाहीत, छत कोसळते आणि कंपनी मजुरांनाच निष्काळजी ठरवून दंड करते. मग कंपनी एक 'सुधारणा' आणते. टेकूचे पैसे वेगळे देऊ. परंतु डब्याचा दर कमी करू. हिशेब केला तर हातात येणारी मजुरी घटलेलीच. संप पेटतो तो येथे. वर्गातला तो मुलगा हे ऐकून म्हणाला, "आमच्या बाबांना चेंबरमागे पैसे मिळतात. झाकण उघडून हवा जाऊ देत बसलं तर दिवसात किती चेंबर होणार?" यावर मी भाष्य करावे असे काही उरले नव्हते. झोलाच्या अंत्ययात्रेत १९०२ साली खाणकामगार त्या कादंबरीचे नाव घोषणेसारखे पुकारत चालले होते म्हणतात. ते का, हे त्या मुलाच्या वाक्यावरून समजते.

आता या कादंबऱ्यांचे वाचकांनी काय केले ते पाहू. 'द जंगल' प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेत हाहाकार उडाला. कशाबद्दल? मजुरांच्या पायांबद्दल नव्हे. सडक्या मांसाबद्दल, सॉसेजमध्ये जाणाऱ्या उंदरांबद्दल. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी चौकशीसाठी माणसे पाठवली आणि ३० जून १९०६ रोजी मांसतपासणीचा व शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे झाले. पुस्तक निघाल्यापासून पाच महिन्यांच्या आत! आणि मजूर? बालमजुरीविरुद्धचा पहिला केंद्रीय कायदा १९१६ चा. तो तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१८ साली रद्द केला. किमान वेतन आणि बालमजुरीवर टिकाऊ केंद्रीय बंधन यायला १९३८ साल उजाडावे लागले. पोटाला पाच महिने, माणसाला बत्तीस वर्षे. आपण लोकांच्या हृदयाला हात घालायला गेलो आणि लागला तो त्यांच्या पोटाला, अशी खंत सिंक्लेअरने स्वतःच व्यक्त केली होती. त्याच्या खंतीत मला थोडा भाबडेपणा दिसतो. खाणाऱ्याचे पोट आणि राबणाऱ्याचे शरीर यांत कायदा प्रथम कुणाकडे पाहतो, हे त्याला त्याच्याच कादंबरीने शिकवायला हवे होते.

हे सगळे जुने झाले असे कुणी म्हणेल. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या श्रमखात्याने कत्तलखान्यांची रात्रपाळीची सफाई करणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीला १५ लाख डॉलरचा दंड केला. आठ राज्यांतील १३ कारखान्यांत १३ ते १७ वर्षे वयाची १०२ मुले तिने जोखमीच्या कामावर लावली होती. हाडे कापणाऱ्या करवती जळजळीत रसायनांनी धुण्याचे काम. मांस तपासलेले, शिक्का मारलेले, स्वच्छ. करवत धुणारा स्टॅनिस्लोवासच.

आणि आपल्याकडे? मैला वाहण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा १९९३ चा, त्याहून कडक कायदा २०१३ चा. १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येक सफाई कामगाराच्या घरच्यांना १० लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. बंदी असलेल्या कामातल्या मरणाचा दर न्यायालयाला वाढवावा लागतो, याचा अर्थ काय होतो? शहर स्वच्छ हवे, ही पांढरपेशा नागरिकाची मागणी रास्तच आहे. परंतु ती पोटाची मागणी आहे. चेंबरमध्ये उतरलेला माणूस तिच्यात कोठेच येत नाही.

येथवर मी या कादंबऱ्यांच्या बाजूने बोललो. आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो.

'द जंगल'च्या उत्तरार्धात संपाचे वर्णन आहे. संप फोडण्यासाठी मालक दक्षिणेकडून निग्रो मजूर आणतात. त्यांचे जे चित्र सिंक्लेअर काढतो ते वाचताना मी अडखळलो. वर्गात ती पाने वाचावीत की गाळावीत, असा विचार मनात आला. शेवटी वाचली. ते लोक म्हणजे रानटी, व्यसनी, सुरे चालवणारा जमाव! त्यांच्यातल्या एकालाही नाव नाही, घर नाही, मेलेला बाप नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्याच संपात खुद्द युर्गिसही संपफोड्या होतो, मुकादम होतो. परंतु युर्गिस तेथवर कसा आला हे सांगण्यासाठी लेखकाने त्याआधी पंचवीस प्रकरणे खर्ची घातली आहेत. त्याची भूक आपल्याला ठाऊक आहे, म्हणून त्याचे पाप आपण समजून घेतो. काळ्या मजुराची भूक सिंक्लेअरला दिसतच नाही. त्या काळी अमेरिकेतल्या अनेक कामगार संघटनांचे दरवाजे काळ्या माणसाला बंद होते. ज्याला संघटनेत घेतले नाही, त्याने संघटनेचा संप पाळावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? हा प्रश्न कादंबरीला पडत नाही. कष्टकऱ्यांच्या बाजूचा एवढा मोठा लेखक, आणि वर्णाच्या रेषेपाशी त्याचे डोळे मिटतात.

आमच्या घरात हा प्रश्न पुस्तकातून आला नाही. माझे वडील १९८२ च्या संपापर्यंत मुंबईच्या एका गिरणीत रिंगखात्यात होते. आजोबाही त्याच खात्यात. आमचे लोक रिंगखात्यात का, साचाखात्यात का नाहीत, असे मी लहानपणी विचारले तेव्हा वडिलांनी ओठांचा चंबू करून हवा आत ओढून दाखवली. मला वाटले चेष्टा करतात. ते उत्तर होते. साच्यावर कांडी बदलली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. धोटा आज याच्या तोंडाला, उद्या त्याच्या. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार? म्हणून साचाखाते, जेथे मजुरी जास्त, ते आजोबांच्या पिढीला बंद. मालकाला कापड कुणीही विणले तरी चालत होते. आडवा येत होता तो शेजारी उभा असलेला कामगार. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. हा अन्याय दूर करण्याची मागणी तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमच्या लोकांना संपात राहू नका असे सांगावे लागेल. पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घातली. हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही, असे मालकांनी ऐकवले. मालक खरे बोलत होते, आणि हीच कामगार चळवळीची सर्वात मोठी नामुष्की होती. जातिव्यवस्था श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिले आणि १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, त्यामागे ही गिरणी उभी आहे.

मामा वरेरकरांनी गिरणी कामगारांवर लिहिलेल्या कादंबरीचे नाव 'धावता धोटा'. नाव समर्पक आहे. परंतु त्या धोट्याला आमच्या आजोबांना हात लावता येत नव्हता. कामगारांच्या जीवनाचे प्रतीक म्हणून लेखक जी वस्तू उचलतो, तीच वस्तू कामगारांपैकी काहींना निषिद्ध असते, हे माझ्या वाचनात आलेल्या मराठी समीक्षेत मला कुठे आढळले नाही. बाबुराव बागुलांनी मात्र ही जागा बरोबर हेरली. 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेतला तरुण रेल्वेत कामाला लागतो, जात लपवतो, आणि जात कळते तेव्हा त्याला बडवणारे हात कुणा मालकाचे नसतात. बरोबरीने राबणारेच ते. १९६३ च्या या कथेला कुणी कामगार साहित्य म्हणत नाही. का म्हणत नाही?

मग 'द जंगल' आणि 'जर्मिनल' आपण टाकून द्यायच्या का? मुळीच नाही. मजुरीचा दर माणसाला कसा मारतो, हे झोलाइतके स्वच्छ मला आपल्या एकाही कादंबरीत भेटलेले नाही, आणि आपल्या लेखकांनी ते शिकण्यासारखे आहे. आपली आत्मकथने अपमानाचे अंगप्रत्यंग सांगतात. परंतु हजेरीपुस्तक, कंत्राटाचा दर, कापलेली रोजंदारी यांचा हिशेब त्यांत पुष्कळदा निसटतो. वडिलांना चेंबरमागे किती रुपये मिळतात, त्यांतले मुकादम किती ठेवतो, आणि त्या कामाला कुठल्या वस्तीतलीच माणसे का बोलावली जातात, हे तिन्ही एका कादंबरीत आले पाहिजे. पहिले दोन सिंक्लेअरकडून शिकता येतील. तिसरे त्याच्याकडे नाही.

'द जंगल' संपल्यावर त्या मुलाच्याच आग्रहावरून आम्ही बागुलांची कथा वाचली. नंतर वाद सुरू झाला : युर्गिस त्या रेल्वेत कामाला असता, तर मारणाऱ्यांत असता की सोडवणाऱ्यांत? एक मुलगी म्हणाली, तो सोडवायला गेला असता, कारण त्याने मार खाल्लेला आहे. तो मुलगा म्हणाला, मारणाऱ्यांनीही मालकाचा मार खाल्लेलाच होता की. साडेदहाला विहाराचे दार लावायचे होते म्हणून आम्ही उठलो. वाद पुढच्या बैठकीवर ठेवला आहे.